स्वस्त का आहे, ते आधी बघा

(१९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला आधी विषय दिला होता ‘अमेरिकेतील माझी वाटचाल’. मी म्हटलं, त्यात सांगण्यासारखं फारसं काही नाही. इथं सांगलीतच वालचंदला इंजिनिअरिंग केलं, पुण्यात नोकरी, लग्न, मग न्यू जर्सी, आणि गेली चोवीस वर्षं सॉफ्टवेअर लिहितेय. इथं बसलेल्या निम्म्या लोकांची वाटचाल थोड्याफार फरकानं अशीच आहे. तेव्हा संयोजकच म्हणाले, “मग त्या गाडीबद्दल बोल. सगळे तेच विचारतात.”

ज्यांनी आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो फोटो बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगते. दोन वर्षांपूर्वी मी एक निळी, दोन सीटची, छप्पर मागं घडी होणारी गाडी घेतली. पोर्शे बॉक्स्टर, २००१ सालची. फोटो टाकल्यावर पहिला प्रश्न आला, “लॉटरी लागली काय गं?” दुसरा आला, “आता आम्हाला ओळख देशील ना?” आणि आपल्या सरांनी लिहिलं, “अभिनंदन. जपून चालव.” एकानं सांगितलं, “इकडं पाठवून दे.” तर ते जमत नाही. तीन वर्षांहून जुनी गाडी भारतात आणता येत नाही, आणि हिचं स्टिअरिंगही डाव्या बाजूला आहे.

लॉटरीचं म्हणाल, तर ती गाडी मला बारा हजार डॉलरला मिळाली. म्हणजे आपले दहा लाखांच्या आसपास. एवढ्या पैशांत इथं मारुतीची बरी नवी गाडी येते. हीच गाडी नवी होती तेव्हा तिची किंमत चाळीस हजार डॉलरच्या वर होती. मग ती इतकी उतरली कशी? आज मी गाडीपेक्षा या ‘कशी’बद्दलच बोलणार आहे. कारण स्वस्त वस्तू घेण्याचा मोह आपल्या सगळ्यांना असतो. ती गाडी असो, फ्लॅट असो, नाहीतर जुना ट्रॅक्टर.

तुमच्यातल्या काहींना ठाऊक आहे, माझे बाबा मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी होते. सौद्याच्या दिवसांत शाळा सुटली की मी डबा घेऊन दुकानावर जायची. हळदीचा सौदा मी तिथं बघितला. खरेदीदार एका पोत्याकडून दुसऱ्या पोत्याकडं जायचे, हळकुंड उचलायचे, मोडायचे आणि आतला रंग बघायचे. वरून सगळी हळद सारखीच दिसते, खरं काय ते मोडल्यावर कळतं. हरिपूरला पेवं होती. जमिनीत खोल खड्डे, त्यात हळद भरायची आणि तोंड बंद करायचं. पुढं २००५ च्या महापुरात त्यातली बरीच गेली. पेव एकदा बंद झालं की आतला माल कुणालाच दिसत नाही. मग भाव ठरतो तो दिसणाऱ्या मालावर कमी आणि विश्वासावर किंवा भीतीवर जास्त.

जुन्या गाडीचा बाजार हा पेवांचाच बाजार आहे. आत काय आहे ते विकणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्याला नसतं. जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं १९७० मध्ये यावर एक निबंध लिहिला, आणि उदाहरण घेतलं जुन्या मोटारींचंच. तो म्हणतो, घेणाऱ्याला चांगली-वाईट ओळखता येत नाही, म्हणून तो सगळ्यांनाच सरासरी धरून भाव देतो. मग चांगल्या गाडीच्या मालकाला तो भाव परवडत नाही, तो बाजारातून गाडी काढून घेतो, आणि शेवटी बाजारात वाईटच उरतात. या कामासाठी त्याला २००१ मध्ये दोघांबरोबर नोबेल मिळालं. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “यार्डात हे हमालालाही माहीत आहे.”

आता या गाडीची भीती काय, ते थोडक्यात सांगते.

१९९० च्या सुमारास पोर्शे कंपनी फार अडचणीत होती. जपानी सल्लागार आणून त्यांनी कारखान्याची शिस्त बदलली, आणि पैसे वाचवण्यासाठी दोन गाड्या एकदम आखल्या. एक त्यांची प्रसिद्ध ९११ आणि दुसरी तिच्यापेक्षा स्वस्त बॉक्स्टर. दोघींचं पुढचं तोंड जवळजवळ सारखंच ठेवलं. बॉक्स्टर १९९६ मध्ये बाजारात आली, खूप खपली आणि कंपनी सावरली. पण ९११ वाल्यांना आपल्या महाग गाडीचं तोंड स्वस्त गाडीला दिलेलं आवडलं नाही. दिव्यांच्या आकाराला तर लोक हाफ-फ्राय अंडं म्हणायला लागले. तिथून बॉक्स्टरला ‘गरिबांची पोर्शे’ हे नाव पडलं ते पडलंच.

दुसरं कारण यांत्रिक आहे. या इंजिनाच्या पोटात एक मधला शाफ्ट असतो. क्रँकशाफ्टची गती साखळीनं त्याच्याकडं येते आणि तिथून पुढं व्हॉल्व्ह उघडझाप करणाऱ्या कॅमशाफ्टकडं जाते. त्या शाफ्टच्या टोकाला एक बेअरिंग असतं, त्याला तिकडं आयएमएस बेअरिंग म्हणतात. ते आतून ग्रीस भरून बंद केलेलं असतं. वर्षानुवर्षांत गरम ऑइल आत शिरतं, ग्रीस धुऊन जातं आणि गोळ्या झिजतात. ते तुटलं तर साखळीचा मेळ जातो, पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतात आणि इंजिन संपतं. नव्या इंजिनाचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त. यावरून अमेरिकेत सामूहिक दावा झाला, २०१३ मध्ये तडजोड झाली. २००९ पासूनच्या नव्या इंजिनात कंपनीनं तो शाफ्टच ठेवला नाही.

बहुतेक गाड्यांचं हे बेअरिंग कधीच तुटत नाही. पण कुणाचं तुटणार ते बाहेरून दिसत नाही. गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय तिथं हातच पोचत नाही. शिवाय या गाडीचं बॉनेट उघडलं तर सामानाची जागा, मागची डिकी उघडली तरी सामानाचीच जागा. इंजिन मधोमध, सीटच्या मागं लपलेलं. पेवच ते. म्हणून सगळ्याच बॉक्स्टरचा भाव पडला. मजबूत बेअरिंग आधीच बसवून घेतलेल्या गाड्याही त्या लाटेत खाली आल्या.

मला ही गाडी का हवी होती, असं मैत्रिणी विचारतात. आमच्या घरी चारचाकी नव्हती. इथल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या पद्मिनीवर मी गिअर शिकले आणि अमेरिकेत जाऊन अठरा वर्षं ऑटोमॅटिक गाडीत बसून भाजी आणि मुलगी यांची ने-आण केली. हातानं गिअर टाकायची गाडी मला आवडते, एवढंच कारण. पण पुढच्या वर्षी मुलगी कॉलेजला जाणार होती. त्या पैशांना हात लावायचा नाही हे आमचं ठरलेलं होतं. चार वर्षांच्या बोनसमधून बाजूला ठेवलेले पंधरा हजार डॉलर, तेवढेच माझे. त्यात सगळं बसलं पाहिजे, आणि गाडी घेतल्यावर महिन्यात इंजिन गेलं तर ते पैसे गेले. दुसरे नव्हते.

अमेरिकेत अशा गाड्या आता ऑनलाइन लिलावात विकल्या जातात. त्यातलं नावाजलेलं ठिकाण म्हणजे ब्रिंग अ ट्रेलर. २००७ मध्ये सुरू झालं, २०१४ पासून ते स्वतः लिलाव घेतात. पद्धत सोपी आहे. विकणारा शंभर-दीडशे फोटो, बिलं आणि गाडीचा इतिहास टाकतो. साधारण आठवडाभर बोली चालते. प्रश्न विचारायचे ते सगळ्यांसमोर, उत्तरंही सगळ्यांसमोर. शेवटच्या दोन मिनिटांत कुणी बोली लावली की घड्याळ पुन्हा दोन मिनिटांवर येतं. म्हणजे शेवटच्या सेकंदाला गुपचूप बोली टाकून पळता येत नाही. जिंकणाऱ्यानं बोलीवर पाच टक्के शुल्क द्यायचं. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे आधी झालेले सगळे सौदे, भावांसकट, कुणालाही बघायला खुले असतात.

मग मी माझ्या धंद्यातलं काम केलं. जुन्या सौद्यांची यादी बनवली. मैल किती, गिअर हाताचा की ऑटोमॅटिक, रंग कोणता, बेअरिंग बदललं आहे का, बिलं आहेत का, लिलाव कुठल्या वारी संपला, हे सगळं लिहून काढलं. दोन महिने रोज रात्री. नवरा म्हणायचा, “गाडी घेतेयस की पीएचडी करतेयस?”

त्या यादीतून मी दोन आकडे काढले. चांगली, बिलांसकट, बेअरिंग बदललेली गाडी असेल तर बारा हजार. बेअरिंगचा पुरावा नसेल तर साडेनऊ हजार, कारण क्लचबरोबर ते काम करून घ्यायला मला एका मेकॅनिकनं अडीच हजार सांगितले होते. बारा हजारांवर शुल्क सहाशे, न्यू जर्सीचा विक्रीकर आठशेच्या आत, तपासणीचे पावणेतीनशे, आणि उरलेल्यात टायर व किरकोळ दुरुस्ती. पंधरा हजार पुरले. हे दोन आकडे मी कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवले. बाबा म्हणायचे, सौदा घरात ठरवायचा, पेठेत फक्त बोलायचा.

हा कागद का लागतो, याचंही एक शास्त्र आहे. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या तेल कंपनीच्या तीन इंजिनिअरांनी एक निबंध लिहिला. समुद्रातल्या तेलक्षेत्रांच्या लिलावात जिंकणाऱ्या कंपन्यांना अपेक्षेएवढा नफा का मिळत नाही, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर असं की तेल किती आहे हे कुणालाच नक्की माहीत नसतं, प्रत्येक जण अंदाज करतो, आणि जिंकतो तो सगळ्यात फुगलेला अंदाज करणारा. म्हणजे लिलाव जिंकणं हीच जास्त पैसे दिल्याची खूण असू शकते. माझ्यासमोर दोन लिलाव असेच गेले. एक काळी गाडी साडेनऊवर मी सोडली, ती अकराला गेली. एक चंदेरी गाडी बारावर सोडली, ती चौदाला गेली. दोन्ही वेळा मुलगी म्हणाली, “आई, अजून थोडे टाक ना.” दोन्ही वेळा मी फ्रिजकडं बोट दाखवलं.

तिसरी गाडी ही निळी. पिट्सबर्गजवळच्या एका गावातली. मालक वयस्कर, लिलावाचं सगळं त्यांच्या भाच्यानं बघितलेलं. फोटो ढगाळ दुपारी काढलेले, निम्मे तिरके. मजकूर चार ओळींचा. बेअरिंगबद्दल एक शब्द नाही. लिलाव संपणार बुधवारी दुपारी, म्हणजे लोक कामावर असताना. कमीत कमी किमतीची अटही नव्हती. पाचव्या दिवशी बोली ८,७५० वर होती.

मी त्या गावाजवळचा एक मेकॅनिक शोधला आणि पैसे देऊन तपासणी करून घेतली. त्यानं ऑइल फिल्टर कापून बघितला. बेअरिंग झिजत असेल तर त्यात धातूचे कण सापडतात. कण नव्हते. टायर जुने, मागची प्लॅस्टिकची खिडकी पिवळी पडलेली, बाकी गाडी निरोगी. बेअरिंग बदललं आहे का, हे मात्र त्यालाही सांगता येईना.

त्या रात्री मी फोटो पुन्हा एकेक करून बघत बसले. एका फोटोत टेबलावर बिलं पसरलेली होती. क्लच बदलल्याच्या एका बिलाचं तिसरं पान दुमडलेलं, आणि दुमडीच्या कडेला अर्धी ओळ दिसत होती. मोठं करून बघितलं तर शेवटची अक्षरं आयएमएसची. दुसऱ्या दिवशी त्या गॅरेजला फोन केला, बिलाचा नंबर सांगितला. तिथल्या माणसानं वही बघून सांगितलं, “हो, क्लच काढला तेव्हा नवं, सुधारित बेअरिंग बसवलं. मालकांना आम्हीच सुचवलं होतं.”

आता बघा. बोली ८,७५०. दोन दिवस बाकी. जी गोष्ट कळली तर गाडी दोन-अडीच हजारांनी वर जाईल, ती मला ठाऊक होती. इतर बोली लावणाऱ्यांना ठाऊक नव्हती, आणि खुद्द मालकालाही तिची किंमत ठाऊक नव्हती. मी गप्प बसले असते तर गाडी साडेनऊ-दहाला माझी झाली असती, असा माझ्या यादीचा अंदाज होता.

आमच्या घरी यावर बराच वाद झाला. नवऱ्याचं म्हणणं साधं होतं. “तू चोरी करत नाहीयेस. फोटो सगळ्यांसमोर आहे. तू कष्ट घेतलेस, पैसे देऊन माणूस पाठवलास, फोन केलास. त्याचा फायदा तुला का नको?” आणि यात चूक काहीच नाही. इथं समोर आपले व्यापारी मित्र बसलेत, ते मान डोलावतायत, मला दिसतंय.

पण मला बाबांची एक गोष्ट आठवत होती. मी सातवी-आठवीत असेन. जतकडचा एक शेतकरी राजापुरी हळद घेऊन आला होता. पोती मळलेली, माल वरून निस्तेज. खरेदीदार दोन पोत्यांवर हात फिरवून पुढं निघाले. एकानं मोडून भाव सांगितला, आणि तो शेतकरी तयारही झाला. बाबांनी पोत्याच्या तळातून मूठभर हळकुंडं काढली, चार मोडली आणि तळहातावर ठेवून सगळ्यांना दाखवली. आत केशरी रंग. खरेदीदार परत फिरले, भाव वाढला. ज्यानं पहिला भाव सांगितला होता तो बाबांवर चिडला. घरी येताना मी विचारलं, तर बाबा म्हणाले, “त्यानं माल बघून कमी भाव सांगितला असता तर मी बोललो नसतो. त्या बिचाऱ्याला आपला माल कळत नव्हता. त्याची पट्टी मला लिहायची होती.”

बाबा अडत्याचे दिवाणजी होते, शेतकऱ्याचा माल नीट विकणं हे त्यांचं कामच होतं. मी तर घेणारी होते. माझ्यावर तसं बंधन काहीच नव्हतं. तरी मला दोन गोष्टी वेगळ्या दिसायला लागल्या. बाजार घाबरला म्हणून भाव पडला, तर ज्यानं अभ्यास केला त्यानं तो फायदा जरूर घ्यावा. भीती सगळ्यांसाठी सारखीच आहे आणि अभ्यासही सगळ्यांना खुला आहे. पण म्हाताऱ्या मालकाला स्वतःच्याच बिलावर काय लिहिलंय ते कळत नाही म्हणून भाव पडला असेल, तर तो फायदा त्याच्या खिशातून येतो. बॉक्स्टर स्वस्त मिळते ती पहिल्या कारणानं. ही एक गाडी आणखी स्वस्त मिळणार होती ती दुसऱ्या कारणानं.

सकाळी मी सगळ्यांसमोर प्रश्न टाकला, “क्लचच्या बिलाचं तिसरं पान उलगडून त्याचा स्पष्ट फोटो टाकाल का?”

तासाभरात फोटो आला. संध्याकाळपर्यंत बोली १०,२५० वर गेली.

बुधवारी दुपारी मी अर्ध्या दिवसाची रजा घेतली. मुलगी शाळेतून आली होती, स्वयंपाकघराच्या टेबलावर लॅपटॉप. शेवटच्या पाच मिनिटांत आम्ही दोघंच उरलो, मी आणि एक अनोळखी माणूस. अकरा हजार त्याचे. सव्वाअकरा माझे. साडेअकरा त्याचे. दर वेळी घड्याळ पुन्हा दोन मिनिटांवर. मी ११,७५० टाकायला गेले, तोवर ते त्यानंच टाकले. उरला फक्त फ्रिजवरचा आकडा. मी बारा हजार टाकले.

मुलीनं विचारलं, “तो सव्वाबारा म्हणाला तर?”

“तर गाडी त्याची.”

ती म्हणाली, “पण तो फोटो तुझ्यामुळे आला होता.”

मी काही बोलले नाही. दोन मिनिटं किती लांब असतात ते मला दहावीच्या गणिताच्या पेपरनंतर पहिल्यांदाच कळलं. एक मिनिट. तीस सेकंद. दहा. आणि घड्याळ शून्यावर आलं. समोरच्याचाही बहुधा कुठल्यातरी फ्रिजवर कागद असावा.

पुढच्या शनिवारी विमानानं पिट्सबर्गला गेले. पेनसिल्व्हेनियात गाडी विकताना मालकाची सही नोटरीसमोर व्हावी लागते, तिथं आम्ही भेटलो. मालक निवृत्त शिक्षक निघाले, रसायनशास्त्राचे! गुडघे दुखतात, एवढ्या खाली असलेल्या गाडीत बसता-उठता येत नाही, म्हणून विकली. सह्या झाल्यावर त्यांनी बिलांची फाइल माझ्या हातात दिली आणि विचारलं, “ते पान दाखवायला तुम्हीच सांगितलं ना? भाचा म्हणाला, त्या बाईंनी स्वतःचंच नुकसान करून घेतलं.” मी त्यांना आमच्या दुकानातली हळद सांगितली. हळद त्यांना रंगद्रव्य म्हणून पक्की माहीत होती. आम्लात पिवळी, अल्कलीत लाल, हा प्रयोग ते मुलांना दाखवायचे. मग हसून म्हणाले, “मी आयुष्यभर मुलांना सांगितलं, लेबल वाचल्याशिवाय बाटली उघडू नका. आणि स्वतःचं बिल वाचलं नाही.” निघताना त्यांनी मला मागच्या खिडकीचं प्लॅस्टिक थंडीत कसं दुमडायचं ते दोनदा करून दाखवलं, आणि मग मला करायला लावून बघितलं. शिक्षक कुठलेही असोत, परीक्षा घेतल्याशिवाय सोडत नाहीत.

ऑक्टोबर होता. डोंगर लाल-पिवळे झालेले. पेनसिल्व्हेनिया टर्नपाइकवर बोगदे लागतात. छप्पर उघडं टाकून, गिअर एक खाली घेऊन मी त्यातून गेले. सहा सिलिंडरांचा आवाज भिंतींवरून परत अंगावर यायचा. न्यू जर्सीला पोचायला सहा तास लागले आणि पूर्ण वाटेत मी एकटीच हसत होते. सर, जपूनच चालवली. पण बोगद्यांत थोडी कमी जपून.

आता हिशोब, कारण इथं गणिताचे सर बसलेत. गेल्या दोन वर्षांत गाडी अकरा हजार मैल चालली. चार टायर आणि मागची खिडकी बदलली. बाकी ऑइल आणि पेट्रोल. पंधरा हजारांच्या आत सगळं बसलं आणि मुलगी ठरल्याप्रमाणे कॉलेजला गेली. कुणी विचारेल, बारा हजारांची गाडी बाराला घेतलीस, मग स्वस्त कुठं मिळाली? माझ्या यादीत त्याच काळातली, तेच तोंड असलेली ९११ याच्या दुपटीखाली क्वचितच दिसते. तेवढी स्वस्ताई मला पुरली. ती लोकांच्या भीतीमुळे मिळालेली आहे आणि ती मी अभ्यास करून कमावली आहे. वरचे दोन हजार ज्यांचे होते त्यांना गेले.

तेव्हा मित्रांनो, जुनी वस्तू घेताना तीन गोष्टी बघा, एवढंच सांगते. स्वस्त का आहे याचं कारण नावानिशी शोधा, ‘नशीब’ हे कारण धरू नका. ते कारण तपासायला काय खर्च येतो ते बघा. माझा पावणेतीनशे डॉलर आणि एक फोन एवढाच आला. आणि शेवटी, ती स्वस्ताई कुणाच्या खिशातून येतेय तेही बघा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर प्रत्येकानं आपलं आपण द्यायचं आहे. मी दिलं तेच बरोबर असा माझा आग्रह नाही. आमच्या घरीसुद्धा त्यावर अजून एकमत नाही.

न्यू जर्सीला याल तेव्हा जरूर कळवा, चक्कर मारायला नेईन. दोनच सीट आहेत, त्यामुळे एका वेळी एकालाच. पहिला मान गुरुजनांचा. त्यानंतर हजेरीपटाच्या क्रमानं.